सातशे चाळीस मीटरची तूट

बाईंनी समुद्रापर्यंत चालत जायचं जाहीर केलं तेव्हा साहेब टोमॅटो तोलत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू घरच्या तराजूवर चढल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसे. वजनमापे खात्यात सदतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाची ही सवय सुटत नाही, आणि सुटावी असं साहेबांना वाटतही नव्हतं. काटा स्थिर व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मी एक तारखेला निघतेय. नदीकाठानं चालत. नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत."

दुसरा एखादा नवरा असता तर त्यानं 'का?' असं विचारलं असतं. साहेबांनी विचारलं, "अंतर किती?"

"तीनशे बारा किलोमीटर. अठरा दिवस."

"गाडीनं सहा तास लागतात."

"मग तुम्ही गाडीनं या," बाई म्हणाल्या आणि टोमॅटो उचलून घेऊन गेल्या. तोलायचे राहिलेलेसुद्धा.

अशी साहेबांची नेमणूक झाली. नेमणुकीचा अर्ज त्यांनी केला नव्हता, मुलाखत दिली नव्हती, आणि राजीनाम्याची सोय कुठे आहे हे कोणी सांगेना.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. शाळेच्या मागूनच नदी वाहते. दरवर्षी पाचवीच्या वर्गातली एक तरी मुलगी विचारायची, "बाई, ही समुद्राला मिळते ती जागा तुम्ही बघितलीय?" आणि बाई दरवर्षी म्हणायच्या, "पुढचा धडा काढा." एकतीस वेळा असं म्हटल्यावर माणसाच्या मनाला ते लागून राहतं. म्हणून जायचं, आणि जायचं ते एकूण एक पाऊल स्वतःच्या पायानं. गाडीत सामान बसेल, पाणी बसेल, साहेब बसतील. बाई बसणार नाहीत.

ही बातमी जिन्यावरून वरखाली जायला अर्धा दिवस लागला. तळमजल्यावरचे डॉक्टर संध्याकाळीच वर आले. हे डॉक्टर दातांचे. गेल्या दहा वर्षांत ते स्वतःच्या पायांनी फाटकापलीकडे गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही, पण त्यांनी खुर्चीत बसून पायांवर पाऊण तास व्याख्यान दिलं. मोजे दोन जोड, एकावर एक. बूट एक माप मोठे. आणि फोड आला तर फोडायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, फोड लगेच फोडायचा. त्यावर दोघांचं वाजलं. साहेबांनी चहा करून आणला तोपर्यंत भांडण टाचेवरून अंगठ्यावर आलं होतं, आणि बाई आत जाऊन झोपल्या होत्या.

बाईंच्या भावाचा फोन आला. "भाऊजी, तिला एक क्षणही नजरेआड करू नका." पाच मिनिटांनी पुन्हा आला. "आणि हो, सारखे मागे मागे करू नका. तिला आवडत नाही." साहेबांनी दोन्ही सूचना कागदावर लिहून घेतल्या आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहत बसले. मुलीनं लांबून दोघांचे फोन आपल्या फोनला जोडून घेतले. नकाशावर आई निळा ठिपका, बाबा तांबडा. त्यानंतर दिवसातून चार वेळा तिचा फोन येऊ लागला. "बाबा, तुम्ही आईच्या अकरा किलोमीटर पुढे काय करताय?" आता साहेब अकरा किलोमीटर पुढे मुक्कामाच्या जागेतल्या गळक्या नळाबद्दल मालकाशी वाद घालत असत. पण हे तांबड्या ठिपक्यावरून दिसत नाही.

काम ठरलेलं होतं. सकाळी बाई निघाल्या की साहेबांनी सामान आवरायचं, पुढे जायचं, दर पाच किलोमीटरवर गाडी थांबवून उभं राहायचं. बाई आल्या की विचारायचं, "पाणी? टोपी? पाय?" त्यांनी यातलं एक काहीतरी उत्तर द्यायचं आणि चालू लागायचं. पहिल्या दिवशी बाई हसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसता हात पुढे केला. सहाव्या दिवशी म्हणाल्या, "अहो, जरा वेगळं काही विचारा ना." साहेबांनी खूप विचार करून सातव्या दिवशी विचारलं, "मोजे?"

मुक्काम बहुतेक वेळा रस्त्यापासून आत कुठेतरी असे. तिथवर गाडीतूनच जावं लागे, आणि गाडीत बसायचं नाही हा तर नियम. त्यावर बाईंनी त्यांच्या पेशाला शोभेल असा उपाय काढला होता. दिवसाचं चालणं जिथे संपेल तिथे त्या पिशवीतून खडू काढत, एखाद्या मैलाच्या दगडावर नाहीतर मोरीच्या कठड्यावर फुली मारत, आणि फळ्यावर लिहितात तशी उजव्या कोपऱ्यात तारीख घालत. मग गाडीत बसत. सकाळी साहेबांनी त्यांना बरोबर त्या फुलीपाशी आणून सोडायचं. फुलीवर पाऊल ठेवायचं आणि पुढे निघायचं. एक वीतभर अंतरसुद्धा गाडीच्या वाट्याला जायचं नाही.

आठव्या दिवशी धरणाची भिंत आडवी आली. भिंतीवरून जायला पास लागतो, आणि पासाच्या छापील नमुन्यात पहिला रकाना गाडीच्या नंबरचा. साहेबांनी सांगितलं की बायको चालत जाणार आहे. कारकून म्हणाला, "चालणाऱ्यांना पास लागत नाही." "मग जाऊ दे तिला." "पास नसेल तर पहारेकरी आत सोडत नाही." हे असं तीनदा झालं. साहेबांनी आवाज चढवला, आपण स्वतः सरकारी नोकरीत सदतीस वर्षं काढल्याचं सांगितलं. कारकून म्हणाला, मग तर तुम्हाला माहीतच असायला हवं. हे साहेबांना फार झोंबलं, कारण माहीत होतंच. शेवटी पास गाडीच्या नावानं निघाला आणि बाईंचा समावेश 'सोबतचे सामान' या रकान्यात झाला. बाई तो पास हातात धरून भिंतीवरून चालत गेल्या. पहारेकऱ्यानं विचारलं, "गाडी कुठाय?" बाई म्हणाल्या, "मागनं येतेय. मी सामान आहे."

इथपर्यंत सगळं ठीक म्हणायचं. चिडचिड होती, पण ती मापात होती. बिघडलं ते अकराव्या दिवशी.

त्या सकाळी दाट धुकं होतं. आदल्या दिवशी बाईंच्या डाव्या टाचेला फोड आला होता. डॉक्टरांच्या फोनवरून तो फोडायचा नाही असं ठरलं होतं आणि काकूंच्या फोनवरून तो फोडला गेला होता. बाई लंगडत गाडीत बसल्या. साहेब काचेला नाक लावून गाडी हाकत होते. मोरी आली, कठड्यावर पांढरी फुली दिसली, त्यांनी गाडी थांबवली.

"हीच ना?" बुटाची नाडी बांधता बांधता बाईंनी विचारलं.

"हीच."

"बरं. तुम्ही आहात म्हणून मला बघावं लागत नाही," बाई म्हणाल्या आणि धुक्यात निघून गेल्या.

साहेब तासाभरानं मुक्कामावर विसरलेली टोपी आणायला मागे गेले. परतताना धुकं विरलं होतं. एका मोरीवर त्यांना फुली दिसली. खडूची, सुबक, उजव्या कोपऱ्यात तारीख. साहेबांनी ब्रेक दाबला. पुढच्या मोरीवर चुन्याची फुली होती. त्याच्या पुढच्या मोरीवरही चुन्याची. रस्त्याच्या ठेकेदारानं दुरुस्तीच्या मोऱ्यांवर खुणा करून ठेवल्या होत्या. आणि सकाळी साहेबांनी बायकोला सोडलं होतं ते चुन्याच्या फुलीवर.

दुसरा माणूस म्हणाला असता, थोडंसं इकडेतिकडे. साहेबांनी डिकी उघडली आणि निरोपसमारंभात खात्यानं दिलेली तीस मीटरची पोलादी टेप काढली. एक टोक दगडाखाली दाबायचं, टेप ताणत जायचं, खूण करायची, परत येऊन दगड उचलायचा. सहाव्या खेपेला पंक्चरवाला दुकानातून बाहेर आला. नवव्या खेपेला त्यानं हात जोडले. "साहेब, रस्ता रुंद होणार का? माझं पत्र्याचं आहे हो, एका दिवसात मागे घेतो. खुणा करू नका." बाराव्या खेपेपर्यंत पंधरावीस माणसं गोळा झाली. कोणी म्हणालं, डाव्या बाजूनं जाऊ दे, उजवीकडे विहीर आहे. कोणी साहेबांना खुर्ची आणली. एक म्हातारे गृहस्थ 'आमच्या हयातीत नाही होऊ देणार' म्हणून टेपेवरच उभे राहिले. साहेब जीव तोडून सांगत होते, "अहो, मी माझ्या बायकोचं मोजतोय!" त्यामुळे माणसं थोडी मागे सरकली, इतकंच.

चोवीस पूर्ण टेपा आणि वर वीस मीटर. सातशे चाळीस.

साहेब गाडीत येऊन बसले. सदतीस वर्षं त्यांनी किराणावाल्यांना, रॉकेलवाल्यांना, कापडवाल्यांना एकच गोष्ट ऐकवली होती की थोडी तूट असं काही नसतं, तूट ती तूट. किलोमागे दहा ग्रॅमसाठी त्यांनी स्वतःच्या गल्लीतल्या दुकानदारावर खटला भरला होता आणि नंतर आठ वर्षं साखर दूरच्या बाजारातून आणली होती. आणि आता त्यांनी स्वतःच्या बायकोच्या तीनशे बारा किलोमीटरमध्ये पाऊण किलोमीटर मारला होता. तिनं न बघता घेतलेल्या मालात.

संध्याकाळी सांगायचं असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी बाई पाय बादलीत सोडून वही लिहीत होत्या. 'आज १७.४. टाच दुखते. पण झालं.' 'पण झालं'च्या खाली दोन रेघा होत्या. आत्ता सांगितलं असतं तर ही बाई त्याच पायानं परत गेली असती. साहेब म्हणाले, "पाणी गरम आहे का?" आणि त्या दिवशी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोड जास्त होता. तिसऱ्या दिवशी फोड कमी होता, पण आता 'तीन दिवस का सांगितलं नाही?' हा प्रश्न तयार झाला होता. न सांगितलेली गोष्ट रोज थोडी जड होत जाते, आणि ती तोलायला साहेबांकडे तराजू नव्हता.

पुन्हा चूक नको म्हणून साहेबांनी पद्धत बदलली. पुढे जाऊन थांबायचं बंद. ते बाईंच्या मागे, वीस पावलांवर, चालण्याच्या वेगानं गाडी चालवू लागले. इंजिन गुरगुरत होतं. बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा थांबून म्हणाल्या, "काय चाललंय तुमचं? कंटाळा आला असेल तर घरी जा." साहेबांना कंटाळा आला नव्हता, त्यांना पाप लागलं होतं. पण ते चिडून म्हणाले, "मी माझं काम करतोय!" बाई म्हणाल्या, "मग लांबून करा," आणि पाय आपटत निघाल्या. साहेब मागे गुरगुरत राहिले.

एकट्या बाईमाणसाच्या मागे एक गाडी हळूहळू सरकते आहे, अशी तक्रार पोलीस चौकीवर एक सोडून तिघांनी केली. हवालदार मोटारसायकल आडवी घालून उभा राहिला.

"काय काका? वय काय तुमचं?"

"ती माझी बायको आहे."

"सगळे असंच म्हणतात." हवालदारानं बाईंना हाक मारली. "ताई, हे तुमचे कोण?"

बाईंनी गाडीकडे पाहिलं. गाडीत काच खाली करून, मान बाहेर काढून, घामेजलेल्या चेहऱ्यानं साहेब हसायचा प्रयत्न करत होते. बाईंनी जरा विचार केला.

"सध्या कोणी नाहीत," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

साहेब चौकीत दीड तास बसले. लग्नाचा पुरावा जवळ बाळगून फिरण्याची पद्धत नसल्यामुळे मुलीला फोन लावावा लागला. "हो, हेच बाबा," मुलगी म्हणाली, "तांबडा ठिपका." हवालदारानं जबाब लिहून घेतला. "ताई कुठे निघाल्यात?" "समुद्राला." "आणि तुम्ही?" "तिच्या मागे." त्यानं दोन्ही उत्तरं लिहिली आणि खाली साहेबांची सही घेतली.  पुढचे चार दिवस साहेबांनी 'पाणी, टोपी, पाय'सुद्धा विचारलं नाही. नुसती बाटली पुढे धरत.

अठराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला समुद्र दिसला. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. किनाऱ्यावर डॉक्टर, काकू आणि मुलगी गाडी करून आले होते. डॉक्टरांनी दोन काठ्यांवर मोठा कापडी फलक बांधून आणला होता, त्यावर तांबड्या अक्षरांत '३१२ कि.मी.' आणि खाली 'पूर्ण'. काकू रडत होत्या. मुलगी फोन धरून उभी होती. बाई सगळ्यांसमोरून लंगडत, हसत पाण्याकडे निघाल्या. दोनशे पावलं राहिली असतील.

साहेबांनी फलकाकडे पाहिलं. खोटं माप सांगणारे असे फलक त्यांनी आयुष्यभर उतरवले होते.

"थांब!" ते ओरडले.

सगळे थांबले. बाईसुद्धा.

"तुझे तीनशे बारा होत नाहीत," साहेब धापा टाकत जवळ आले. "अकराव्या दिवशी मी तुला चुकीच्या मोरीवर सोडलं. चुन्याची फुली होती ती. ठेकेदाराची. सातशे चाळीस मीटर कमी आहेत. टेपेनं मोजलेत. मी... मला सांगता आलं नाही."

काकूंचं रडणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, "अहो साहेब, सातशे मीटर म्हणजे काय! त्यात काय एवढं?"

"सातशे चाळीस," साहेब आणि बाई एकदम म्हणाले.

बाई साहेबांकडे बघत राहिल्या. इतका वेळ की साहेबांना चौकी बरी वाटू लागली. मग त्यांनी पिशवीतून खडू काढला, पायाखालच्या सपाट खडकावर फुली मारली, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.

"डॉक्टर, या फुलीवर उभे राहा. मी येईपर्यंत हलायचं नाही. इथे चुकीला जागा नको," त्या म्हणाल्या. मग साहेबांना, "गाडी काढा."

 वाटेत डॉक्टरांचे फोन येत राहिले. पहिला फोन, "वहिनी, अजून किती वेळ?" दुसरा फोन, "वहिनी, पाणी वाढतंय. बूट काढलेत." तिसरा फोन, "वहिनी, पोटरीला लागलं!" बाई म्हणाल्या, "भरती आहे. गुडघ्याच्या वर येणार नाही. पाचवीच्या पुस्तकात आहे." आणि फोन ठेवला.

खडूची फुली पुसट झाली होती, पण तारीख वाचता येत होती. बाईंनी तिच्यावर पाऊल ठेवलं.

"मी पुढच्या मोरीवर जाऊन थांबतो," साहेब सवयीनं म्हणाले.

"नको. चला बरोबर."

साहेबांनी गाडीला कुलूप लावलं आणि घरातल्या चपला घालून बायकोच्या बरोबर निघाले. दोनशे मीटरवर त्यांना घाम फुटला. चारशे मीटरवर चपलेचा अंगठा घासायला लागला. पंक्चरवाल्यानं त्यांना ओळखलं आणि घाईघाईनं पत्रा आत ओढला.

"त्या दिवशी सांगितलं असतंत तर?" बाईंनी विचारलं.

"तू परत चालून आली असतीस. तसल्या पायानं."

"आले असते."

"म्हणून."

बाईंनी चालीचा वेग कमी केला. साहेबांच्या चालीइतका.

चुन्याच्या फुलीशी पोचल्यावर साहेब कठड्यावर कोसळले. अंगठ्याला टपोरा फोड आला होता. गाडी सातशे चाळीस मीटर मागे राहिली होती, हे दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं. बाईंनी हात पुढे करून किल्ली मागितली. वीस वर्षांपूर्वी शिकून सोडून दिलेली गाडी त्या पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत, चालण्याच्या वेगानं घेऊन आल्या, साहेबांच्या शेजारी थांबवली आणि काच खाली केली.

"पाणी? टोपी? पाय?"

"पाय," साहेब म्हणाले. 

परत पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. डॉक्टर खडकावर उभे होते, गुडघ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हातांत बूट. फलकाची घडी घालून काकूंनी त्यावर बसकण मारली होती. समुद्र फुलीच्याही अलीकडे आला होता.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता हे काय? दोनशे पावलं राहिली होती. ही तर शून्य झाली! ओहोटीपर्यंत थांबायला हवं. सहा तास."

"वहिनी!" डॉक्टर ओरडले.

बाई खाली बसल्या. बूट काढले, मग दोन्ही मोजे, एकावर एक घातलेले. पाण्यात पाऊल टाकलं, डॉक्टरांना खडकावरून उतरवलं आणि स्वतः फुलीवर उभ्या राहिल्या. खडू कधीच धुऊन गेला होता. पाणी पोटरीवर येऊन आपटत होतं.  मग म्हणाल्या, "माझी वही द्या. तुम्हीच लिहा. मी सांगते."

साहेबांनी पेन काढलं.

"लिहा. एकूण तीनशे बारा. त्यातली शेवटची दोनशे पावलं समुद्र माझ्याकडे चालत आला."

साहेबांनी लिहिलं. मापाच्या नियमात हे कुठेच बसत नव्हतं, तरी लिहिलं.

"आणि सातशे चाळीस मीटर हे माझ्याबरोबर चालत आले. त्यांना टोचत होतं म्हणून."

साहेबांचं पेन थांबलं. मग त्यांनी तेही लिहिलं, अक्षर नीट काढून, आणि खाली सही करायच्या आधी उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.